केंद्रीय नीला नलिका, अकालजात अर्भकांतील
गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकास पोषक द्राव देण्यासाठी हृदयालगतच्या मोठ्या नीलेपर्यंत सरकविलेली बारीक नळी. संहत ग्लुकोज द्रावाने हातापायांच्या नाजूक नीला निकामी होतात; मोठ्या नीलेत तो त्वरित विरल होतो. व्हेर्नर फोर्समान या जर्मन वैद्यांनी १९२९ मध्ये स्वतःच्या बाहूतून हृदयापर्यंत नळी नेऊन हा मार्ग दाखविला. डग्लस विल्मोर व स्टॅन्ली डड्रिक यांनी फिलाडेल्फिया येथे जन्मतः आतडे अपुरे असलेल्या अर्भकाची केवळ नीलेवाटे दिलेल्या पोषणाने वाढ झाल्याचे १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा नळी शस्त्रक्रियेने बसवावी लागे. १९७३ मध्ये शॉ यांनी धाग्यासारखी सिलिकोन नळी सुईतून त्वचेवाटे घालण्याची पद्धत वर्णिली. पोषणाची ही वाट जंतूंनाही मोकळी असते. म्हणून काटेकोर निर्जंतुकता पाळणे, टोकाची जागा क्ष-किरण चित्राने पडताळणे आणि गरज संपताच नळी काढणे आवश्यक ठरते.