चूल आपली, तेल परक्याचे

चेंबूरहून माहुलकडे निघालं, की तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या दिसू लागतात. या जमिनीखाली तेलाचा थेंबही नाही. मग हे दोन मोठे कारखाने इथे का आले आणि कुणाच्या अटींवर आले?

स्वातंत्र्याच्या वेळी भारतात खनिज तेल निघे ते फक्त आसामात. बाकी रॉकेल, पेट्रोल, डिझेल बहुतांशी तयार स्वरूपात जहाजांनी येई. त्याचा मोठा भाग इराणमधल्या आबादानच्या कारखान्यातून यायचा. १९५१ मध्ये इराणने आपल्या तेल उद्योगाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि आबादानचा पुरवठा बंद पडला. कच्चं तेल आणून ते इथेच शुद्ध केलं तर परकीय चलन वाचेल, असं आपलं सरकार आधीपासून म्हणत होतंच. आता परदेशी कंपन्यांनाही ते पटलं. त्याच वर्षाअखेरीस स्टॅनव्हॅक आणि बर्मा शेल या कंपन्यांशी करार झाले. जवळ बंदर, पलीकडे मुंबईची बाजारपेठ, म्हणून जागा ठरली ट्रॉम्बे. १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकचा म्हणजे पुढच्या एस्सोचा कारखाना सुरू झाला, १९५५ मध्ये बर्मा शेलचा. मुंबईच्या स्वयंपाकघरांत गॅसची शेगडी आली ती याच सुमारास.

कारखाने आपल्या दारात आले खरे, पण करारातल्या अटी पाहा. पंचवीस वर्षं राष्ट्रीयीकरण करायचं नाही. कच्चं तेल कुठून आणायचं, ते कंपनी ठरवणार. माहुलला तयार झालेल्या मालाचा दरही तो परदेशातून तयार आणला असता तर जेवढा पडला असता, त्या हिशेबाने ठरणार. थोडक्यात, चूल आपली; शिधा कुणाकडून आणायचा हे मात्र परका ठरवणार.

याचा प्रत्यय १९६० मध्ये आला. सोव्हिएत रशियाने स्वस्त दरात आणि रुपयांत पैसे घेऊन कच्चं तेल देऊ केलं. तेव्हाचे तेलमंत्री केशवदेव मालवीय यांनी कंपन्यांना ते शुद्ध करून द्यायला सांगितलं. कंपन्यांनी करारावर बोट ठेवून नकार दिला. त्याच वर्षी क्युबातही परदेशी कंपन्यांनी रशियन तेल नाकारलं, तेव्हा तिथल्या सरकारने कारखानेच ताब्यात घेतले. भारताने करार मोडला नाही. त्याऐवजी गुवाहाटी, बरौनी, कोयाली इथे सरकारी कारखाने उभारले आणि विक्रीसाठी इंडियन ऑइल वाढवली. वाट लांबची होती, पण सौदा करण्याची ताकद तिच्यामुळेच आली.

१९७३ च्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाले. पाठोपाठ फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ जहाजाला मुंबईच्या समुद्रात, बॉम्बे हाय इथे, तेल लागलं. त्याच वर्षी एस्सोची हिंदुस्तान पेट्रोलियम झाली. जानेवारी १९७६ मध्ये बर्मा शेल सरकारकडे आली. तीच आजची भारत पेट्रोलियम. मे १९७६ मध्ये बॉम्बे हायचं उत्पादन सुरू झालं. तेलही आपलं आणि कारखानाही आपला, असा योग दोन-अडीच वर्षांत जुळून आला.

पण गाड्या वाढल्या, कारखाने वाढले, आणि बॉम्बे हाय पुरेनासं झालं. आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येतं. फरक इतकाच, की ते कुणाकडून घ्यायचं हे आता आपण ठरवतो. हा फरक लहान नाही.

या हिशेबात आणखी एक बाजू येते, ती माहुलच्या रहिवाशांची. २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या हवेच्या प्रदूषणाबद्दल या दोन्ही सरकारी कंपन्यांसह चार कंपन्यांना भरपाई भरण्याचा आदेश दिला. मालक बदलला म्हणून धूर बदलत नाही. तेव्हा नवा कारखाना येणार म्हटलं, की तीन प्रश्न विचारावेत: कच्चा माल कुठला, भाव कुणाच्या हाती, आणि धूर कुणाच्या घरात?