सुगरणीचं घर कोण विणतं?

आपल्या कवितेत वसंत आला की कोकिळा गाते. आंब्याच्या मोहरात बसून गाते आणि ऐकणाऱ्याच्या काळजात कळ उठवते. प्रत्यक्षात ते ‘कुहू’ म्हणतो तो काळाभोर नर. मादी तपकिरी, ठिपकेदार असते आणि तिचा आवाज तुटक, किक्-किक् असा. दुसरं उदाहरण सुगरणीचं. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारी ती सुरईसारखी घरटी पाहून आपण या पाखराला नावच असं दिलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पदर खोचलेली गृहिणी उभी राहावी. पण ते घरटं विणतो नर.

भाषेनं दोन्ही ठिकाणी नराचं काम मादीच्या नावावर लिहून ठेवलं. मी कवी असल्यामुळे मला याची गंमतही वाटते आणि थोडी चिंताही. पक्ष्यांचं खरं कळलं ते कुणाला आणि कसं? जे लोक आपल्याच अंगणात, तबेल्यात किंवा घराजवळच्या झाडाखाली घरट्यासमोर तासन् तास बसले, त्यांना. त्या बसण्याचा इतिहास आज थोडक्यात सांगायचा आहे.

हा इतिहास जुना आहे. संस्कृतात कोकिळाला ‘परभृत’ म्हणजे दुसऱ्यानं पोसलेला असा शब्द आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त दुष्यंत भर दरबारात शकुंतलेला टोमणा मारतो, तो याच गोष्टीचा आधार घेऊन. म्हणजे कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचं पिल्लू वाढतं हे कुणीतरी फार पूर्वी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्यावरून भाषेला एक शब्द मिळाला होता.

पुढे मोगल काळात बादशहा जहांगीर दिसतो. त्यानं सारस पक्ष्यांची एक जोडी पाळली होती. त्यांची नावं लैला आणि मजनू. १६१८च्या सुमारास या जोडीनं अंडी घातली, तेव्हा बादशहानं त्यांच्यावर नजर ठेवली आणि आपल्या आत्मचरित्रात ते लिहून ठेवलं. रात्रभर मादी अंड्यांवर बसते, नर जवळ उभा राहून राखण करतो, उजाडलं की तो चोचीनं तिला सूचना देतो आणि मग स्वतः बसतो. सारस पाळीव असले तरी पाहणं अस्सल होतं. या जहांगीराचं जन्मनाव सलीम. तीनशे वर्षांनी दुसऱ्या एका सलीमनं मोगल बादशहांच्या या निसर्गप्रेमावर लेख लिहिले. आजची गोष्ट मुख्यतः त्याचीच आहे.

पण मधल्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, पक्षिशास्त्र बरंचसं बंदुकीचं शास्त्र झालं होतं. पक्षी मारायचा, कातडी काढायची, पेंढा भरायचा, चिठ्ठी बांधायची. घरट्यातली अंडी फुंकून रिकामी करायची आणि कापसात ठेवायची. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला ठाऊक असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे त्या काळातले हिंदुस्थानातले सर्वांत मोठे पक्षी-संग्राहक. त्यांचा संग्रह ऐंशी हजारांच्या घरात गेला होता. भारतीय पक्ष्यांच्या घरट्यांवर आणि अंड्यांवर त्यांनी ग्रंथही लिहिला. मोठ्या ग्रंथासाठी त्यांनी वर्षानुवर्षं टिपणं जमवली होती. ते सिमल्याबाहेर असताना एका नोकरानं ते कागद रद्दीत विकून टाकले. ह्यूम यांचं मन उडालं. १८८५ साली त्यांनी सारा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्या कातड्यांवाचून पक्ष्यांची नावं आणि जाती ठरल्या नसत्या, हे खरं. पण मेलेला पक्षी संसाराबद्दल काही सांगत नाही.

याच सुमारास मुंबईत एक वेगळी गोष्ट घडली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत सहा युरोपियन आणि दोन मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि दुसरे वनस्पतींचे जाणकार सखाराम अर्जुन. या आठांतलाच एक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. जन्म साताऱ्याचा, नोकरी मीठ आणि कस्टम खात्यातली. हा माणूस आपल्या बंगल्याच्या व्हरांड्यात बसून कावळे, चिमण्या, पाली आणि मुंग्या यांच्यावर हसतखेळत लिहायचा. घराभोवतीचं जग पाहण्यासारखं असतं, हे त्यानं वाचकांच्या गळी उतरवलं.

आता खेतवाडीत येऊ. सलीम अली यांचा जन्म १८९६चा. आईवडील लहानपणीच गेले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी त्यांना मुंबईत खेतवाडीच्या घरात वाढवलं. मुलाच्या हाती छर्‍याची बंदूक आली. तबेल्याच्या भिंतीत एका भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर बसलेला. दहा वर्षांच्या सलीमनं नराला टिपलं. थोड्याच वेळात त्याच खिळ्यावर दुसरा नर येऊन बसला. त्यालाही टिपलं. पुन्हा नवा नर. सात दिवसांत आठ नर मारले गेले, आणि प्रत्येक वेळी त्या मादीला नवा जोडीदार मिळाला. मुलानं हे वहीत लिहून ठेवलं, ते शिकारीच्या फुशारकीपोटी. पण त्यानं लिहून ठेवलं. सुमारे साठ वर्षांनी ती नोंद छापली गेली तेव्हा तिचं शास्त्रीय मोल लोकांना कळलं.

त्यानंतरची पिवळ्या गळ्याच्या चिमणीची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. चिमण्या खाणं मुसलमान घरात चालत असे, पण ही वेगळीच दिसणारी खावी की नाही, असा प्रश्न मुलाला पडला. मामा सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला सोसायटीचे मानद चिटणीस मिलर्ड यांच्याकडे पाठवलं. मिलर्ड साहेबांनी मुलाला पक्ष्यांनी भरलेली कपाटं उघडून दाखवली. त्या दिवसापासून वाट ठरली.

वाट ठरली, तरी पोटाचा प्रश्न सुटला नाही. ब्रह्मदेशात घरचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा करून झाला. विद्यापीठाची पदवी हाती नव्हती. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, लोकांना माहिती देणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी मिळाली. रजा काढून सलीम अली बर्लिनला गेले आणि एर्विन स्ट्रेसमान या थोर पक्षितज्ज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३०मध्ये परतले, तर पैसे नाहीत म्हणून जागाच रद्द झालेली. चौतिशीचा, शिकून आलेला आणि बेकार माणूस. पत्नी तहमीना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला समुद्रकाठच्या एका घरात राहायला गेले. तेव्हा तो भाग कुलाबा जिल्ह्यात होता.

ते वर्ष साधं नव्हतं. मिठाचा सत्याग्रह पेटलेला होता. त्यांच्याच नात्यातले वृद्ध अब्बास तय्यबजी धारासण्याच्या मोहिमेचं नेतृत्व करताना मे महिन्यात पकडले गेले होते. अशा दिवसांत एक बेकार गृहस्थ शिडीवर चढून पाखरांची घरटी पाहतो, हे शेजारपाजारच्या कुणालाही रिकामपणाचे उद्योग वाटले असते.

घराजवळच्या झाडावर सुगरणींची वस्ती होती. वसंत हा कवींनी सर्व पाखरांचा ऋतू ठरवला असला तरी सुगरणीचा वसंत पावसाबरोबर येतो. गवत उंच आणि ओलं झालं, पिल्लांना भरवायला किडे झाले, की मग हे पक्षी कामाला लागतात. नराच्या माथ्यावर आणि छातीवर हळदीसारखा पिवळा रंग चढतो. सलीम अलींनी एक उंच शिडी घेतली, वर कापडाचा आडोसा केला आणि घरट्यांच्या समोर जाऊन बसले. बंदूक त्यांनी आयुष्यभर टाकली नाही, नमुने जमवणं पुढेही चालूच राहिलं. पण किहीमच्या त्या पावसाळ्यात त्यांच्या कामाला आले ते डोळे, वही आणि वेळ. आणि वेळ नोकरी गेल्यामुळे मिळाला होता.

त्यांना काय दिसलं? नर गवताच्या किंवा शिंदीच्या पात्याच्या कडेला चोचीनं खाच पाडतो आणि उडता उडता लांब धागा सोलून नेतो. एका घरट्यासाठी पाचशेच्या आसपास खेपा होतात, असं नंतरच्या अभ्यासकांनी मोजलं आहे. आधी फांदीला गाठ, मग कडं, मग शिरस्त्राणासारखा अर्धा घुमट. इथे तो थांबतो. आता माद्या येतात. घुमटात शिरतात, ओढून पाहतात, धागे तपासतात आणि नर बाहेर पंख फडफडवत विनवण्या करत राहतो. घर पसंत पडलं तरच मादी त्याला पसंत करते. मग तो अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी पुरी करतो. नापसंत घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. आपण झाडाखाली उभे राहून ‘हे का सोडून दिलं असेल?’ असं विचारतो, त्याचं हे उत्तर.

खरी नवलाची गोष्ट पुढे होती. मादी अंड्यांवर बसली की नर तिथे रमत नाही. तो शेजारीच नवं घरटं विणायला घेतो. ते दुसऱ्या मादीला पसंत पडलं की तिसरं. एका मोसमात एकामागून एक असे त्याचे दोन-तीन संसार होतात. ही क्रमानं होणारी बहुपत्नीकत्वाची रीत सलीम अलींनी किहीमला उलगडली आणि १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या निबंधानं त्यांचं नाव जगातल्या पक्षितज्ज्ञांना ठाऊक झालं. पुढे १९५०च्या दशकात व्ही. सी. आंबेडकर या अभ्यासकाबरोबर त्यांनी हाच विषय पुन्हा हाती घेतला. घरट्यात चिखलाचे गोळे चिकटवलेले असतात, हेही खरं आहे. त्यात काजवा खोचून सुगरण दिवा लावते, ही मात्र लोककथा.

इथे बहिणाबाई चौधरींची आठवण होणारच. खोप्यावरची त्यांची कविता शाळेत शिकला नाही असा मराठी माणूस विरळा. अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी बाईची गाणी १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपानं आली. त्या कवितेतला खोपा मादी बांधते, पिल्लांसाठी बांधते. पक्षिशास्त्र सांगतं, बांधणारा नर. मग बहिणाबाई चुकल्या का?

मला तसं वाटत नाही. सलीम अलींच्या निरीक्षणाचा उरलेला भाग पाहा. नर दुसरं घर विणायला गेला, मग अंडी कोण उबवतं? मादी. दोन ते चार अंड्यांवर पंधरा दिवस एकटी बसते. पिल्लं झाल्यावर ती उडेपर्यंत किडे आणून भरवते, तीही बहुतेक एकटीच. वादळात झोके खाणाऱ्या त्या घरात चाललेला संसार तिचा असतो. बहिणाबाईंना ऐन तिशीत वैधव्य आलं आणि मुलं त्यांनी एकटीनं वाढवली. मळ्यातून जाता-येता त्यांच्या नजरेनं नेमकं काय टिपलं असेल, ते कळायला जड नाही. विणणारे हात कुणाचे, हे शिडीवरून दिसलं. घर कोणावर उभं आहे, हे जळगावकडच्या त्या शेतकरी बाईला शिडीवाचून दिसलं होतं. दोन्ही पाहणी खरी आहे, आणि मला माझ्या भाषेत दोन्ही हवी आहेत. ‘सुगरण’ हे नाव बदला, असं मी म्हणणार नाही. मुलांना ती कविता शिकवताना नराच्या पाचशे खेपाही सांगाव्यात, एवढंच म्हणेन.

आता आपल्या घरांचं काय? कौलं, वळचणी आणि भिंतीतली भोकं गेली, तशी मोठ्या शहरांतून चिमणी कमी झाली. देशभरात तिची संख्या साधारण टिकून असली, तरी महानगरांत ती घटली आहे, असं २०२०च्या पक्षी-अहवालात नोंदलेलं आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी लाकडी खोकी घरोघर पोचवली आणि २०१०पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जाऊ लागला. सुगरणीला मात्र खोकं चालत नाही. तिला विहिरीवरची बाभूळ किंवा शिंदी लागते, आणि जवळ उंच गवत. विहीर बुजवली, बांधावरची बाभूळ तोडली, की तिथला विणकर गेला. शोभेसाठी तिची घरटी तोडून दिवाणखान्यात टांगतात, तेही थांबायला हवं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घरटी आणि अंडी यांना संरक्षण दिलेलं आहे.

पाहायला कुठे लांब जायला नको. चैत्र-वैशाखात कावळा काड्या कुठे नेतो ते पाहा, त्याच झाडाभोवती कोकीळ घुटमळताना दिसेल. बुलबुल कुंडीतल्या रोपातही घरटं करतो. लांब उभं राहावं, फांदी वाकवू नये, पिल्लांचे फोटो काढायला जवळ जाऊ नये. आणि एक वही ठेवावी. पहिली काडी कधी आली, अंड्यांवर कोण बसलं, चारा कोणी आणला, पिल्लू कोणत्या दिवशी उडालं, एवढं तारखेसह लिहावं. खेतवाडीतल्या दहा वर्षांच्या मुलानं तबेल्यासमोर बसून लिहिलेल्या चार ओळी साठ वर्षांनी शास्त्राच्या उपयोगी पडल्या. तुमच्या घरातल्या मुलाच्या किंवा मुलीच्या वहीतल्या ओळीही पडतील. फक्त या वेळी हातात बंदूक नसावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)