परवान्यातील ‘बोअर’ : एका मापवाचक शब्दाचा इतिहास

कायद्याची भाषा वस्तूंचे केवळ वर्णन करते, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पुष्कळदा ती वस्तू घडविते. बंदुकीच्या परवान्यावर लिहिला जाणारा ‘बोअर’ हा शब्द आणि त्याच्या अलीकडे येणारा आकडा यांचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट विशेष स्पष्ट होते. कोणती रायफल नागरिकाने बाळगावी व कोणती बाळगू नये याचा निर्णय हिंदुस्थानात गेली शंभराहून अधिक वर्षे त्या रायफलीच्या शक्तीवरून जितका झाला, त्याहून अधिक तिच्या मापाच्या नावावरून झाला आहे.

या इतिहासाचा आरंभ शस्त्रबंदीच्या कायद्यांपासून करावा लागतो. १८५७ च्या उठावानंतर १८६० साली शस्त्रांसंबंधी एक कायदा झाला. त्याची जागा लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत १८७८ च्या अकराव्या कायद्याने घेतली. पुढच्याच वर्षी पुणे जिल्ह्यात वासुदेव बळवंत फडके यांचे बंड उद्भवले. फडके मूळचे पनवेलजवळच्या शिरढोणचे. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, आणि ते स्वतः पुण्यास लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. मे १८७९ मध्ये त्यांच्या पक्षाचे दौलतराव यांच्या टोळीने घाट उतरून पळस्पे व चिखली येथे दरोडे घातले. पनवेल तालुका त्या काळी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. या बंडाच्या काळी अमलात असलेला कायदा वाचला तर एक गोष्ट ध्यानात येते. ‘शस्त्रे’ या संज्ञेत तेव्हा बंदुकांबरोबर तलवारी, भाले, खंजीर, इतकेच नव्हे तर धनुष्यबाणही अंतर्भूत होते. कायद्याचे लक्ष शस्त्र कोणाच्या हाती आहे यावर होते. युरोपियनांस सूट आणि एतद्देशीयांस परवाना ही त्याची मुख्य रेषा होती. नळीचा व्यास किती, हा प्रश्न या व्याख्येत उद्भवतच नव्हता.

लोकभाषेतही तो उद्भवत नव्हता. मराठीत बंदुकीची नावे पडली ती ती पेटविण्याच्या, भरण्याच्या वा घडणीच्या रीतीवरून : तोड्याची, ठासणीची, काडतुसाची, एकनळी, दुनळी. यांपैकी ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, आणि तोही वापराच्या रीतीचाच वाचक. या नामव्यवस्थेत माप नाही. शस्त्र कसे चालते एवढेच तिला सांगावयाचे आहे. मापाचा शब्द मराठीत आला तो इंग्रजीतून, आणि आला तोच दोन परस्परविसंगत अर्थ घेऊन.

इंग्रजीत ‘बोअर’ या शब्दाचा एक अर्थ जुना आहे. एक पौंड शिशाच्या नळीच्या व्यासाएवढ्या जितक्या गोळ्या होतील, तितक्या बोअरची ती बंदूक. त्यामुळे बारा बोअरच्या नळीचा व्यास सुमारे .७२९ इंच येतो, आणि आकडा वाढला की नळी लहान होते. दुसऱ्या अर्थी आकडा हा सरळ इंचाचा दशांश असतो : .२२, .३०३, .३१५. येथे आकडा वाढला की नळी मोठी होते. हिंदुस्थानी कार्यालयीन व्यवहारात या दोन्ही पद्धतींस ‘बोअर’ हा एकच शब्द लागू झाला. इंग्रजीत लिहिलेल्या कायद्यात ‘पॉइंट २२ बोअर’ असा प्रयोग आहे. बोलण्यात मात्र बिंदू गळतो आणि ‘बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर’ असे म्हटले जाते. जुन्या पद्धतीने ३२ बोअर म्हणजे सुमारे .५२६ इंच, नव्या पद्धतीने .३२ इंच. ऐकणारास संदर्भाने अर्थ कळतो हे खरे. परंतु अर्थ संदर्भावर सोपविणे हे बोलण्यास चालते, परवान्यास चालत नाही. ‘.४१०’ या आकड्यात हा घोळ पराकोटीस जातो. .४१० ची छर्ऱ्यांची बंदूक ही एक वस्तू, आणि पोलिसांसाठी .३०३ च्या रायफलीचे रूपांतर करून घडविलेली .४१० ची मस्केट ही दुसरी. आकडा एक, ‘बोअर’ एक, आणि कायद्याच्या लेखी त्यांत जमीनअस्मानाचे अंतर.

आकड्यावरून बंदी घालण्याच्या धोरणाचे पहिले ठळक उदाहरण १९०७ च्या सुमाराचे आहे. .४५० मापाच्या रायफली व त्यांची काडतुसे यांच्या आयातीस हिंदुस्थानात व सुदानात मनाई झाली. कारण जुन्या मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीचे माप तेच होते, आणि हा दारूगोळा सरकारविरोधकांच्या हाती जाईल अशी भीती होती. या बंदीचा परिणाम बोधप्रद आहे. इंग्लंडमधील शिकारी रायफलींचे कारखानदार मोठ्या जनावरांची रायफल करण्याचे थांबले नाहीत. त्यांनी आकडा बदलला. .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी नवनवी मापे पुढे आली. शक्ती जवळजवळ तीच, उपयोग तोच, परंतु नाव निराळे आणि म्हणून माल कायदेशीर. .४७० या काडतुसाच्या गोळीचा प्रत्यक्ष व्यास तर .४७५ इंचांच्या आसपास आहे. म्हणजे येथे आकडा मापाचा वाचक राहिलेलाच नाही, तो विशेषनाम झाला आहे.

.३१५ ची कथा याच जातीची आहे. .३०३ हे १८८८ पासूनचे लष्करी काडतूस. ते नागरिकांस वर्ज्य. तेव्हा ली-एन्फिल्डच्याच घडणीवर, परंतु ऑस्ट्रियन मान्लिखर जातीच्या आठ मिलिमीटर काडतुसासाठी, हिंदुस्थानच्या बाजारपेठेकरिता शिकारी रायफली तयार झाल्या. स्वातंत्र्यानंतर इछापूरच्या सरकारी कारखान्याने हीच परंपरा चालविली, आणि तिची काडतुसे पुण्याजवळ खडकी येथील कारखान्यात होऊ लागली. ज्या काडतुसाचे मूळ मध्य युरोपातील सैन्यात, ते हिंदुस्थानात ‘नागरी’ ठरले. याचे कारण त्याच्या मारक शक्तीत शोधून सापडणार नाही. सरकारी कोठारातील काडतूस त्या रायफलीत चालत नाही, एवढेच ते कारण आहे.

हे तत्त्व कायद्याच्या भाषेत नीट उतरले ते स्वतंत्र भारतात. १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या ठरावात घातला होता. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि १९६२ चे नियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आले. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत निषिद्ध शस्त्रांचे वर्णन करताना .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर बोअरच्या रायफली इतकेच सांगून मसुदाकार थांबला नाही. ज्या रायफलीच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसण्याच्या पोकळीत, या मापांचा लष्करी दारूगोळा बसू शकतो व उडविता येतो, अशी कोणत्याही बोअरची रायफल त्याने निषिद्ध ठरविली. .४१० च्या मस्केटीबाबत आणि विवक्षित पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे यांबाबतही हीच रचना आहे, आणि २०१६ च्या नियमांतही ती टिकून राहिली. येथे नामाची जागा क्रियापदाने घेतली आहे. .४५० च्या बंदीला आकडा बदलून बगल देता आली. ‘बसू शकते व उडविता येते’ या क्रियापदांना तशी बगल देता येत नाही. .३०८ या नावाची शिकारी रायफल नावाने निराळी असली, तरी तिच्यात ७.६२ चे लष्करी काडतूस बसते. म्हणून ती निषिद्ध.

तथापि नव्या रचनेने जुनी पुसून टाकली नाही. ती तिच्या शेजारी उभी राहिली. ‘७.६२ मिलिमीटर बोअर’ हे शब्द केवळ माप म्हणून वाचले, तर ७.६२ मिलिमीटर म्हणजे बरोबर .३०० इंच, आणि मग .३०-०६ ही रायफलही त्यात सापडते. प्रत्यक्षात ती अनिषिद्ध मानली जाते. सरकारी कारखान्यानेच ती नागरिकांसाठी बनविली आहे. तिच्या काडतुसाचे कवच ६३ मिलिमीटर लांब, तर ७.६२ च्या लष्करी काडतुसाचे ५१ मिलिमीटर. म्हणून हे त्या चेंबरमध्ये नीट बसत नाही. म्हणजे व्यवहाराने ‘७.६२’ हे माप न मानता एका विशिष्ट काडतुसाचे नाव मानले. हा अर्थ समंजस आहे, परंतु तो शब्दांतून निघत नाही, प्रथेतून निघतो.

अशा शब्दांवर काय अवलंबून असते हे शिक्षेच्या तरतुदींवरून दिसते. निषिद्ध शस्त्रास जिल्हाधिकाऱ्याचा परवाना पुरत नाही, केंद्र सरकारची खास अनुज्ञा लागते. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते बेकायदा बाळगण्यास सात ते चौदा वर्षांचा कारावास आहे. परवान्यावर शस्त्राचे वर्णन असते, तसेच कोणत्या जातीचा किती दारूगोळा बाळगावा याचीही नोंद असते. तेथे आकडा चुकला वा बिंदू सुटला, तर हाती असलेली वस्तू आणि कागदावरील वस्तू या दोन निराळ्या वस्तू होतात.

उलट, पनवेल परिसरातील ज्या शेतकऱ्यास रानडुकरांपासून पीक राखावयाचे आहे, त्याच्यासाठी कायद्याने जुनी लोकनाम-व्यवस्थाच जवळ केली आहे. अधिनियमाच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे; ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्याचे समाधान झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. आट्यांच्या नळीच्या रायफलीसाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते; अपवाद नेमबाजी मंडळाच्या सभासदाच्या .२२ चा. ‘ठासणीची’ या शब्दात आकडा नाही, बिंदू नाही, दोन पद्धतींचा घोळ नाही. तोंडातून दारू ठासावी लागते ती ठासणीची. गावकामगार आणि न्यायाधीश यांस त्याचा अर्थ एकच कळतो.

यावरून एक निष्कर्ष निघतो. शस्त्राचे नियमन करणारी भाषा जेव्हा वस्तूच्या क्रियेला धरून बोलते, तेव्हा ती टिकते. जेव्हा नुसत्या आकड्याला धरून बोलते, तेव्हा कारखानदार तो आकडा बदलतो आणि कारकून तो चुकवितो. तोड्याची व ठासणीची अशी नावे देणाऱ्या लोकभाषेने जे सहज साधले होते, ते कायद्याच्या भाषेस .४५० पासून ‘बसू शकते व उडविता येते’ या पदरचनेपर्यंत येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. आणि तेही अर्धेच साधले, कारण तिच्या शेजारी ‘बोअर’ हा जुना, द्व्यर्थी शब्द अद्याप कायम आहे.