हौसेचा घाट

‘हौसेला मोल नाहीं’ अशी आपल्या भाषेंत एक म्हण आहे. तिचा रूढ अर्थ असा कीं, हौस करावयाची म्हटली म्हणजे खर्चाचा हिशेब पाहूं नये. परंतु त्याच शब्दांतून दुसराहि अर्थ निघतो. तो असा कीं, हौसेनें केलेल्या कष्टांचें मोल कोणी देत नाहीं, आणि करणारा तें मागतहि नाहीं. इंग्रजींतील ‘अमॅच्युअर’ हा शब्द या दुसऱ्या अर्थाशीं जुळतो. तो फ्रेंचांतून आला असून त्याच्या मुळाशीं ‘प्रेम करणें’ या अर्थाचा लॅटिन धातु आहे. तेव्हां हौशी खेळाडू म्हणजे खेळावर प्रेम करणारा, एवढाच त्याचा अर्थ असावयास हवा होता. प्रत्यक्षांत मात्र जवळजवळ शंभर वर्षें हा शब्द कुंपण म्हणून वापरला गेला. तें कुंपण कसें ढासळलें, आणि डोंगराळ मुलखांतील एका अतिशय कष्टाच्या शर्यतींत त्या शब्दाला आपला मूळचा अर्थ कसा परत मिळाला, हें येथें पाहण्याचा आमचा विचार आहे.

इंग्लंडांत टेम्स नदीवर हेन्ली येथें दरवर्षीं नौकांच्या शर्यती होतात. १८७९ सालीं तेथील कारभाऱ्यांनीं हौशी कोणास म्हणावें याची व्याख्या ठरविली. पैशासाठीं शर्यतींत उतरलेला मनुष्य तींतून वगळला, हें समजण्यासारखें आहे. परंतु मजुरीवर काम करणारा यंत्रकामगार, कारागीर आणि मजूर यांनाहि त्या व्याख्येनें वगळलें. अशा मनुष्यानें नाव वल्हवून एक पैहि मिळविलेली नसली तरी चालत नसे. हातानें काम करून पोट भरतो, एवढाच त्याचा अपराध. अंगमेहनतीनें त्याचे दंड आयतेच घोटीव झालेले असतात, म्हणून लेखणी धरणाऱ्या सद्गृहस्थाशीं त्याचा सामना न्याय्य नव्हे, असा एक युक्तिवाद यामागें होता. त्याच्याकडून हरण्याची भीति त्यांत होतीच. पण त्याच्या पंक्तीला बसण्याची भीति त्याहून मोठी होती, असें आम्हांस वाटतें.

या नियमानें काय काय घडविलें याचीं दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. १९२० सालीं फिलाडेल्फियाच्या जॉन केली या वल्हेकऱ्याचा अर्ज हेन्लीनें नाकारला. त्याच्या क्लबाशीं कारभाऱ्यांचें जुनें वांकडें होतें, हें एक कारण. आणि केली स्वतः विटा रचणारा गवंडी होता, हें दुसरें. त्या वर्षीं हेन्लीची ती शर्यत जॅक बेरेसफोर्ड यानें जिंकली. आणि त्याच उन्हाळ्यांत अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांत केलीनें बेरेसफोर्डलाच मागें टाकून सुवर्णपदक मिळविलें. पुढें १९३६ सालीं बर्लिनला निघालेल्या ऑस्ट्रेलियन नाविकांना, ते पोलीस शिपाई आहेत या कारणानें हेन्लीनें दार लावलें. त्याचा बोभाटा झाला, आणि १९३७ सालीं तें मजुरीचें कलम रद्द झालें. गवंड्याच्या मुलानें १९४७ सालीं हेन्लीची तीच शर्यत जिंकली.

दुसरें उदाहरण जिम थॉर्प या अमेरिकन आदिवासी खेळाडूचें. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकांत त्यानें पंचविध व दशविध अशा दोन्ही संयुक्त स्पर्धा जिंकल्या. परंतु त्यापूर्वीं दोन उन्हाळ्यांत किरकोळ पैसे घेऊन तो बेसबॉल खेळला होता, असें निघालें. आणि १९१३ सालीं त्याचीं पदकें काढून घेण्यांत आलीं. तो १९५३ सालीं वारला. त्याचा मान १९८२ सालीं परत मिळाला, तोहि दुसऱ्यांबरोबर वांटून. एकट्याचा विजय म्हणून त्याची नोंद व्हावयास २०२२ साल उजाडलें.

१९७० नंतरच्या काळांत ऑलिंपिक समितीनें हौशीपणाची अट हळूहळू सैल केली. हें कुंपण असें खिळखिळें होत असतांनाच अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एक नवा खेळ जन्माला आला. २५ सप्टेंबर १९७४ रोजीं सॅन डिएगो येथील मिशन बे या खाडीवर जॅक जॉन्स्टन व डॉन शानाहान या दोघांनीं धावणें, सायकल चालविणें व पोहणें अशी तिहेरी शर्यत भरविली. तिला त्यांनीं ‘ट्रायथ्लॉन’ हें नांव दिलें. सुमारें सहा मैल धावणें, पांच मैल सायकल आणि पांचशें यार्ड पोहणें, इतकाच तिचा आवांका होता. वार बुधवार, वेळ सायंकाळची. कारण येणारे लोक दिवसा आपापल्या कामांवर जाणारे होते. ४६ जण जमले. शेवटचे लोक पाण्यांत उतरले तेव्हां अंधार पडला होता, म्हणून किनाऱ्यावरील मोटारींचे दिवे खाडीकडे वळवून त्यांना वाट दाखवावी लागली. पहिला कोण आला यापेक्षां हे दिवे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटतात. शेवटच्या मनुष्यासाठीं दिवा लावावयाचा, ही या खेळाची रीत पहिल्याच दिवशीं पडली.

त्या ४६ जणांत जॉन कॉलिन्स हे आरमारी अधिकारी व त्यांची पत्नी ज्यूडी हीं होतीं. पुढें त्यांची बदली हवाई बेटांवर झाली. १९७७ सालीं तेथील एका धावशर्यतीच्या बक्षिससमारंभांत वाद निघाला कीं, सर्वांत कणखर कोण, पोहणारा कीं धावणारा? बेल्जियमचा सायकलपटु एडी मर्क्स याची प्राणवायु ओढून घेण्याची शक्ति सर्वांहून अधिक असल्याचें कॉलिन्स यांच्या वाचनांत आलें होतें. तेव्हां सायकल वगळून या वादाचा निकाल लागणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें पडलें. ओआहू बेटावर तीन शर्यती पूर्वींपासून होत असत: समुद्रांतील २.४ मैलांचें पोहणें, बेटाभोंवतींची ११५ मैलांची सायकलशर्यत आणि २६.२ मैलांची मॅरेथॉन. सायकलीच्या अंतरांतून तीन मैल छाटून त्यांनीं या तिन्ही एकापुढें एक जोडल्या, आणि जो पहिला येईल त्याला ‘आयर्नमॅन’ म्हणजे लोहपुरुष म्हणावें, असें ठरविलें. १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं १५ जण निघाले, १२ जणांनीं शर्यत पुरी केली. गॉर्डन हॅलर हा पावणेबारा तासांनंतर पहिला आला. कॉलिन्स स्वतः सुमारें १७ तासांनीं पोंचले. शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकासाठीं त्यांनीं आपल्या हातानें धातूची एकेक लहानशी बाहुली बनविली होती. पुढच्याच वर्षीं लिन लमेअर ही बाई एकंदरींत पांचवी आली, आणि लोहपुरुष हें नांव निम्मेंच खरें आहे हें सर्वांस कळून चुकलें.

१९८२ च्या फेब्रुवारींत ज्यूली मॉस ही विद्यार्थिनी आपल्या पदवीच्या प्रबंधास सामग्री मिळावी म्हणून या शर्यतींत उतरली. सर्व स्त्रियांच्या पुढें असतांना, अंतिम रेषा दृष्टीच्या टप्प्यांत आल्यावर तिचे पाय लटपटले. ती पुनःपुन्हां पडली, दुसरी स्पर्धक तिला ओलांडून गेली, आणि अखेर हातापायांवर रांगत तिनें रेषा गांठली. अंतर अवघें २९ सेकंदांचें. जिंकली कॅथलीन मॅकार्टनी. पण दूरचित्रवाणीवर तें दृश्य पाहणाऱ्यांच्या ध्यानांत राहिली ती मॉस. हेन्लीच्या कारभाऱ्यांना जो हौशीपणा व्याख्या करून सांपडला नाहीं, तो येथें रस्त्यावर रांगतांना दिसला. या प्रसंगानंतर सामान्य माणसें मोठ्या संख्येनें या खेळाकडे वळलीं. १९८६ सालीं हवाईच्या शर्यतीला प्रथमच रोख बक्षिसें आलीं, एकंदर एक लाख डॉलरांचीं. परंतु म्हणून हौशी लोकांना कोणी बाहेर काढलें नाहीं. धंदेवाईक आणि हौशी एकाच दिवशीं, त्याच पाण्यांत व त्याच रस्त्यावर उतरूं लागले. दोघांच्या वाटा दोन करण्याची कोणास गरज भासली नाहीं.

ही शर्यत डोंगरांत शिरली तेव्हां तिचें स्वरूप आणखी पालटलें. १९८२ सालीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस येथें, समुद्रालगतच्या डोंगरांत सायकल नेणारी शर्यत सुरू झाली. आल्प्स पर्वतांतील एंब्रन गांवीं १९८४ पासून शर्यत होऊं लागली. १९९० पासून तिनें पूर्ण लांबी धरली, आणि २३६० मीटर उंचीची इझोआर ही खिंड आपल्या वाटेंत घेतली. तेथें पंधरा ऑगस्टच्या पहांटे अंधारांतच लोक तळ्यांत उतरतात, आणि पुढें सायकलीवर सुमारें ५००० मीटरांची एकूण चढण चढतात. नॉर्वेंत २००३ सालीं २१ जणांनिशीं ‘नॉर्समन’ शर्यत सुरू झाली. तींत होडीवरून थंडगार खाडींत उडी टाकावयाची, हार्डांगरच्या उजाड पठारावरून सायकल न्यावयाची, आणि धावत गाउस्टाटोप्पेन या पर्वताच्या माथ्याशीं जाऊन थांबावयाचें. मदतीचीं माणसें ज्यानें त्यानें आपलीं आणावयाचीं. रोख बक्षीस नाहीं. माथ्यावर जाण्यास पात्र ठरणाऱ्यांना काळा सदरा, खालीं वेगळ्या वाटेनें शर्यत पुरी करणाऱ्यांना पांढरा, एवढाच भेद.

चढणीनें काय होतें, हें थोडक्या गणितानें सांगतां येईल. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य शत्रु वारा. वारा कापणारीं महागडीं चाकें व सायकली घेऊन त्या शत्रूशीं कांहींसा सौदा करतां येतो. घाटांत वेग मंदावतो, वाऱ्याचा अडथळा क्षीण होतो, आणि उरतें तें वजन. स्वार व सायकल मिळून ८० किलो धरले, तर तेवढें वजन ५००० मीटर उचलण्यास आहारशास्त्रांतील सुमारें ९४० कॅलरींइतकें काम पडतें. शरीर आपल्या इंधनाचा चौथा-पांचवा हिस्साच अशा कामीं लावूं शकतें, बाकीची उष्णता होऊन जाते; म्हणून खरा खर्च चार हजार कॅलरींच्या आसपास जातो. स्नायूंत व यकृतांत साखरेचा जो साठा असतो, तो दोन हजारांच्या घरांतला. उरलेलें चरबींतून सावकाश काढावें लागतें, नाहीं तर वाटेंत खाऊन भरून काढावें लागतें. महागड्या सायकलीनें दोन किलो वजन वाचलें, तरी ८० तून दोनच वजा होतात. पैशानें विकत घेतलेली गति घाटाच्या पायथ्याशीं बरीचशी गळून पडते ती अशी.

दुसरी एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. एंब्रनला पहिला येणारा मनुष्य साडेनऊ-दहा तासांत मोकळा होतो. मागचा हौशी मनुष्य पंधरा-सोळा तास वाटेवर असतो. उंची दोघांनीं तीच चढलेली, पण दुपारचें ऊन, सायंकाळचा गारठा आणि एकटेपणा हीं हौशी माणसाच्या वांट्याला अधिक येतात. तो अनेक महिने नोकरी व संसार संभाळून पहांटेच्या वेळीं तयारी करतो. त्याचे कष्ट जेत्याच्या कष्टांची लहान प्रत नव्हेत. ते निराळ्या जातीचेच कष्ट आहेत.

आपल्याकडे जत्रेला हौशे, नवशे व गवशे असे तीन प्रकारचे लोक येतात असें म्हणतात. या शर्यतींतहि ते तिन्ही दिसतात. गवसेल तें घ्यावयास आलेले बक्षिसांवर व जाहिरातींवर डोळा ठेवून असतात. त्यांत गैर कांहीं नाहीं, थॉर्पवर झालेला अन्याय आठवला म्हणजे तर मुळींच नाहीं. नवशांत आम्ही मॅडोना ब्यूडर या अमेरिकन जोगिणीची गणना करूं. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं ती धावूं लागली, आणि २०१२ सालीं ८२ व्या वर्षीं कॅनडांतील पेंटिक्टन येथें, रिक्टर खिंडीचा घाट चढून तिनें पूर्ण लांबीची शर्यत साडेसोळा तासांत पुरी केली. उरलेले सारे हौशे. यादींत सर्वांत अधिक आणि वृत्तपत्रांत सर्वांत कमी.

या हौशांपुढें आज एक नवें कुंपण उभें राहत आहे, तें दामाचें. प्रवेशशुल्क, सायकल, दूरदेशींचा प्रवास, बरोबरच्या माणसांचा खर्च हीं सर्व जमेस धरलीं, तर हेन्लीनें ज्या गवंड्याला दारांतून परत पाठविलें तो आज दारापर्यंत पोंचणार नाहीं. २० ऑक्टोबर २०१९ रोजीं गोव्यांत मिरामार येथें याच नांवाची अर्ध्या लांबीची शर्यत झाली, तेव्हां परदेशच्या प्रवासाचा खर्च तरी आपल्याकडील हौशी लोकांचा वांचला. ही गोष्ट लहान नव्हे. तथापि प्रश्न सुटला असें म्हणवत नाहीं. हेन्लीचें कलम लिहिलेलें होतें, म्हणून एका ठरावानें तें पुसतां आलें. दामाचें कलम कोठेंच लिहिलेलें नाहीं, म्हणून तें पुसणें अधिक कठीण.

तें पुसण्याचा उपाय मिशन बेच्या त्या सायंकाळीं दिसतो. शहरांतली खाडी, कामावरून परतलेलीं माणसें, घरांतली सायकल, आणि अंधार पडला तर मोटारींचे दिवे. या खेळाला आरंभीं याहून अधिक कांहीं लागलें नाहीं. चढण्यास घाट तर पुष्कळ गांवांच्या वेशीबाहेर आहेत, आणि त्यांना प्रवेशशुल्क नाहीं. मोठ्या शर्यतींनीं आपलें वैभव खुशाल वाढवावें. पण त्यांच्याबरोबर अशा लहान शर्यती गांवोगांवीं उभ्या राहतील, तरच हौशी हा शब्द पुन्हां कोणाच्या दाराची कडी होणार नाहीं.