नेपाळमधील कामी समाज : कारागिरी आणि अस्पृश्यता

नेपाळच्या डोंगराळ प्रदेशातील कामी ही परंपरेने लोहारकाम करणारी जात होय. नांगराचा फाळ, विळा आणि खुकुरी ही साधने याच समाजाच्या भट्टीत घडली. मोबदल्यादाखल वर्षाकाठी धान्य देण्याची ‘बाली’ पद्धत महाराष्ट्रातील बलुत्याशी मिळतीजुळती होती. जंगबहादूर राणांच्या राजवटीतील १८५४ च्या ‘मुलुकी ऐन’ या कायदेसंहितेने कामींना अस्पृश्य ठरविले. त्यांनी घडविलेले शस्त्र समाजाला चालत असे. त्यांच्या हातचे पाणी मात्र चालत नसे. १९६३ च्या नव्या संहितेने या भेदाचा कायदेशीर आधार काढून घेतला आणि २०११ मध्ये स्वतंत्र कायद्याने अस्पृश्यता पाळणे दंडनीय ठरविले. तथापि, खुकुरीला सांस्कृतिक वारसा म्हणून गौरविताना ती घडविणाऱ्या हातांचा इतिहास वगळल्यास तो वारसा अपुराच राहतो.