नाव कोणाचे, ज्ञान कोणाचे?

शेवगा आपल्या ओळखीचा. हिंदीत तो सहजन, तेलुगूत मुनग, मल्याळममध्ये मुरिंगा. वनस्पतिशास्त्रात मात्र ‘मोरिंगा ओलिफेरा लॅम.’ शेवटचे ‘लॅम.’ म्हणजे फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क. शास्त्रीय नावाचा उपयोग कोणी नाकारणार नाही. बोली गावागणिक बदलते, आणि एकाच नावाखाली दोन झाडे सापडतात. हा घोटाळा या नावाने टळतो. परंतु ‘मोरिंगा’ हा शब्द मुळात लॅटिन नव्हे, तो दक्षिणेतल्या लोकांच्या तोंडचा. पुस्तकात लामार्क उरला. शब्द ज्यांचा, ती माणसे कुठे गेली?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर कोचीत सापडते. तेथील डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. ‘होर्टुस मलाबारिकुस’ या नावाने त्याचे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. ७०० हून अधिक वनस्पती आणि प्रत्येकीचे चित्र. चित्रांवर मल्याळम, अरबी आणि नागरीतली कोकणी नावे. कोकणी नावे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन ब्राह्मण वैद्यांची. पण मलबारची झाडे, त्यांची नावे आणि गुण सांगणारा मुख्य माणूस होता इट्टी अच्युतन, जातीने एळवा. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्या जातीतला हा वैद्य. आपल्या घराण्याच्या ग्रंथांतून आणि अनुभवातून आपण ही माहिती सांगितली, असे प्रमाणपत्र त्याने १६७५ साली स्वतःच्या लिपीत लिहून दिले. ते पहिल्या खंडात छापलेले आहे.

पुढे १७५३ मध्ये लिनियसने मलबारच्या अनेक वनस्पतींना नावे देताना याच ग्रंथाचा आधार घेतला. ऱ्हेडेच्या स्मरणार्थ त्याने ‘ऱ्हीडिया’ ही प्रजातीही केली. अच्युतनला तो मान त्याने दिला नाही. एळव्यांच्या ज्ञानाने या ग्रंथाची घडण केली, हे रिचर्ड ग्रोव्ह या इतिहासकाराने १९९५ साली ठासून मांडले. के. एस. मणिलाल यांनी केलेले त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठाने काढले ते २००३ साली. म्हणजे पहिल्या खंडानंतर ३२५ वर्षांनी!

अच्युतनचे नाव तरी उरले, कारण त्याला लिहिता येत होते आणि परक्या सत्तेला त्याच्या सहीची गरज होती. रानात जाऊन फांद्या आणणाऱ्यांची नावे आज आपल्याला कोण सांगणार?

आपल्याकडचे चित्र वेगळे नाही. पहिल्या पावसात उगवणारा टाकळा विदर्भात तरोटा म्हणून खुडला जातो. माझ्या आईने त्यावर कित्येक दुपारी निभावल्या. कोवळा पाला कोणता, निबर कोणता, हे तिला शिकवावे लागले नाही. शास्त्रात तो ‘सेन्ना तोरा’. वर्गात हे नाव पाठ करणारा विद्यार्थी घरातला तरोटा सांगायला लाजतो. ज्या ताटावरून आपल्याला हिणवले गेले त्या ताटातही ज्ञान होते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून शिक्षक-विद्यार्थ्यांनी एक वही करावी. वस्तीत खाल्ल्या जाणाऱ्या प्रत्येक रानभाजीचे बोलीतले नाव, शास्त्रीय नाव आणि शिजवण्याची रीत तीत लिहावी. आणि शेवटच्या रकान्यात, जिथे ग्रंथात ‘लॅम.’ असते तिथे, सांगणाऱ्या बाईचे पूर्ण नाव, तिच्या संमतीने लिहावे.