सातव्या मिनिटातलं वाक्य

चपला बाहेर काढा. साल १९८६, पुणे विद्यापीठातली ईएमआरसी, म्हणजे शैक्षणिक कार्यक्रम बनवणारं यूजीसीचं केंद्र. आत एसी असा की मे महिन्यातही अंगावर काटा यावा. तो तुमच्यासाठी नाही, यंत्रांसाठी आहे.

तुम्ही एडिटिंगला बसलाय. समोर दोन यू-मॅटिक डेक. टेप पाऊण इंच रुंद, कॅसेट जाडजूड ग्रंथाएवढी. एका डेकवरून हवा तो तुकडा दुसऱ्यावर उतरवायचा, त्याच्या शेपटीला पुढचा, मग त्यापुढचा. आणि संध्याकाळी भूगोलाच्या सरांना आठवतं: सातव्या मिनिटातलं एक वाक्य चुकलंय, काढा. काढलंत की पुढची १३ मिनिटं पुन्हा उतरवायची. नाहीतर झालेल्याचीच कॉपी करून जोडायचं; मग रंग विटतात, कडा फिसकटतात. तुम्ही सरांकडे बघता, सर घड्याळाकडे. टेप दिल्लीला जायचीय. इन्सॅट उपग्रहाच्या जोरावर १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ लागतो, गावोगावच्या कॉलेजांसाठी. आणि बराचसा इंग्रजीत! कँटीनमधला चहा याच वादात गार होतो.

वाक्य काढण्यात रात्र जाते. पुढच्या खेपेला सर स्क्रिप्ट चारदा वाचूनच येतात.

आता २००५. शिक्षणासाठीचा उपग्रह एज्युसॅट आदल्याच सप्टेंबरात आकाशात गेलाय. कॉम्प्युटरच्या टाइमलाइनवर वाक्य दोन क्लिकमध्ये उडतं, मागचं सगळं आपसूक पुढे सरकतं. तुम्ही उगाच ते परत आणता, पुन्हा उडवता. खेळ म्हणून. “चुकलं तर एडिटिंगला बघू,” मॅडम सेटवरूनच सांगतात. हे तुम्ही पहिल्यांदा ऐकताय. पुढे रोज ऐकाल.

२०१८. ऑनलाइन अभ्यासक्रमांचं ‘स्वयम’ पोर्टल येऊन वर्ष झालंय. नुसत्या व्हिडिओवर भागत नाही. सोबत वाचायचा मजकूर हवा, चर्चा हवी, चाचणी हवी. मॅडम हिरव्या पडद्यासमोर उभ्या, मागे हिमनदी नंतर चिकटेल. समोर विद्यार्थी एकही नाही. तो १९८६ लाही नव्हता म्हणा.

बाहेर पडा, एसटी स्टँडवर या. बाकावरचा पोरगा मोबाइलवर हिमनदीच बघतोय, दीडपट वेगानं. बस लागते. तो अंगठ्यानं सहाव्या मिनिटावरून थेट नवव्यावर जातो आणि पिशवी उचलतो.